डबा रिकामा पाठवू नये

नाशिक, १८ जून २०२५

आक्का,

नमस्कार. फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. घर दोन खोल्यांचं आणि अपूर्वाचे कान मांजरीचे. बाल्कनीत जाऊन कुजबुजले तरी तिला ऐकू जातं. माझ्या मोबाईलचा पॅटर्नही तिला पाठ आहे. म्हणून शाळेच्या ऑफिसात, मधल्या सुट्टीत, दाखल्यांच्या गठ्ठ्याआड कागद ठेवून लिहितेय. उत्तर शाळेच्याच पत्त्यावर पाठवा. घरी नको.

आमच्या घरात चोरी होतेय. दागिन्यांना कुणी हात लावत नाही, चोरी खाण्याची होते. तुम्ही तुमच्या गावच्या भिकनबरोबर शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत. सोमवारी डबा आला, आज बुधवार, तळाला नुसता चुरा. मी एक खाल्ला. अपूर्वाला विचारलं तर म्हणते, "मी दोन खाल्ले असतील." मग बाकीचे गेले कुठे? मागच्या आठवड्यात अर्धा किलो श्रीखंड असंच गेलं. बिस्किटांचे पुडे जातात. संध्याकाळसाठी ठेवलेल्या पोळ्यासुद्धा जातात.

घराची किल्ली आम्हा दोघींशिवाय फक्त सिंधुबाईकडे आहे. अकरा वर्षं आमच्याकडे पोळ्या आणि धुणीभांडी करते, कधी चमचा हलला नाही. पण आता माणसाचं काही सांगता येत नाही. हे गेल्यापासून तर मला कुणाचंच काही सांगता येत नाही.

अपूर्वा बरी आहे. तुम्ही सांगता तसं ताट भरून समोर ठेवते, ती संपवते. गाल जरा सुजल्यासारखे दिसतात आणि घसा सारखा बसलेला असतो. बारावीचा क्लास सकाळी सहाला, त्याचा त्रास असेल.

पुढच्या वेळी लाडू मोजून पाठवा आणि आकडा मला पत्रात कळवा. अपूर्वाला फोनवर यातलं काही बोलू नका.

सुमेधा

*

सटाणा, २५ जून

सुमेधा,

तुझं पत्र अंगणवाडीत आलं तर पोस्टमन म्हणतो, "मॅडम, कोर्टाची नोटीस हाय का?" इतक्या वर्षांत सरकार सोडून मला पत्र लिहिणारी तू पहिली. पोरांनी पाकीट फाडायच्या आत वाचून घेतलं.

अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नको. दिनेश गेला तेव्हा तेरा दिवस तुमचा स्वैपाक कुणी सांभाळला? सिंधुबाईने. तुला तर तेव्हा पाणी प्यायचं भान नव्हतं. ती बाई लाडू चोरेल?

बावीस वर्षं मी पोरांची वजनं करतेय. दर महिन्याला एखादी आई म्हणते, "सगळं खातो हो मॅडम," आणि काटा काही हलत नाही. आई खोटं बोलत नाही. तिने ताटात वाढलेलं असतं, ताट रिकामं झालेलं असतं, तिला तेवढंच दिसतं. तेव्हा सिंधुबाईकडे बघायच्या आधी पोरीकडे बघ. तू घरी नसताना ती काय खाते, कधी खाते, तुला माहीत आहे का? तुझं लक्ष कुठे असतं?

अपूर्वाच्या खाण्यात मला हयगय चालणार नाही, हे मी परत सांगते. दहाव्याला रामकुंडावर तूही होतीस. पोर स्वतः पिंडाला बसली होती. दीड तास कावळा शिवेना. तुझ्या भावाने सांगितलं, घराचे हप्ते आम्ही बघू. मोठे काका म्हणाले, पोरीचं शिक्षण करू, लग्न करू. कावळे भिंतीवर बसून माना वळवत होते. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेव्हा मी बहीण म्हणून पुढे होऊन म्हटलं, "दिनेश, तुझ्या वाटचा घास तुझी पोर खाईल. ती जेवली की तू जेवलास. मी तिला उपाशी राहू देणार नाय." आणि कावळा खाली आला. सगळ्यांनी बघितलं. तो शब्द माझ्या गळ्यात आहे, सुमेधा.

लाडू चाळीस पाठवतेय.

आणि एक. भिकन म्हणाला, हॉलमधला दिनेशचा फोटो दिसला नाय, भिंतीवर नुसता खिळा आहे. का काढलास? गोलगोल उत्तर देऊ नको.

आक्का

*

नाशिक, ९ जुलै

आक्का,

सिंधुबाईला मी २८ तारखेलाच काढलं. तुमचं पत्र हातात पडायच्या आधी. तिने वाद घातला नाही, रडली नाही. किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुमचं पोर सांभाळा." मला ते शिव्याशापांसारखं लागलं.

लाडू दोन तारखेला आले. मी मोजले, चाळीस. पाच तारखेला सहा उरले. सिंधुबाई नव्हती, तरीही.

आता जे लिहितेय ते वाचून फाडून टाका. जेवण झालं की अपूर्वा बाथरूममध्ये जाते. नळ मोठा सोडते. बाहेर येते तेव्हा डोळे लाल आणि तोंडात पेपरमिंटची गोळी. परवा मी लगेच आत गेले, तर उलटीचा वास. फिनेलखाली दडपलेला, पण आईला कळतो तो वास. कॅलेंडरवर बघितलं, तिची पाळी दोन महिने आलेली नाही. उलट्या, वेळीअवेळी खा-खा, पाळी चुकलेली. आक्का, मी काय समजू? मुलगी क्लासला म्हणून सकाळी साडेपाचला बाहेर पडते. क्लासलाच जाते का?

इथल्या मेडिकलवाल्याला आम्ही सगळे ओळखतो. म्हणून रिक्षाने पार सिडकोच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ती तपासणीची पट्टी आणली. पर्समध्ये आहे. अजून धाडस होत नाही.

फोटोचं विचारलंत. सांगते. पोलिसांनी पंचनाम्याची प्रत दिली होती. हेल्मेट एक, मोबाईल एक फुटलेला, आणि "कागदी पुड्या दोन, खाद्यपदार्थ, तेलकट." यांचं तेलकट तीन वर्षं बंद होतं, डॉक्टरांनी बंद केलं होतं. कंपनी अंबडला, घर पाथर्डी फाट्याला. मला फोनवर सांगितलं, कंपनीत काम आहे, उशीर होईल. आणि अपघात झाला कुठे? मखमलाबाद रोडला! गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन पुड्या कुणासाठी? मखमलाबादला कोण राहत होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. लग्नाआधीची ती. हे मला स्वतः बोलले होते, तेव्हा हसण्यावारी नेलं होतं मी. आता नाही नेता येत. रोज सकाळी त्या फोटोला हार घालताना मनात एकच यायचं, तुम्ही कुणाबरोबर खायला गेला होता?

तुम्हाला माहीत असेल तर सांगा. भावाला झाकू नका.

सुमेधा

*

सटाणा, १६ जुलै

सुमेधा,

तुझं पत्र वाचून मी चुलीत घातलं, त्याचा राग चुलीवर निघाला आणि दूध उतू गेलं. शेजारच्या विठाबाईला नुसतं एवढंच बोलले की भाचीला बरं नाय, तर ती म्हणते, "पोरले नजर लागेल शे." म्हटलं, नजर बाहेरून कशाला लागायला पाहिजे?

मखमलाबादचं आधी संपवते. ती मुलगी होती, खरं आहे. आमच्या बापाने नको म्हटलं आणि दिनेशने मान खाली घातली. पण ती लग्न होऊन सुरतला गेली त्याला वीस वर्षं झाली, आणि तिच्या बापाने घर विकलं त्याला दहा. मी तुझी समजूत घालत नाय. मलाही त्या पंचनाम्याचं माहीत नव्हतं. आता मलाही वाटतं, हा तिकडे गेला कशाला? मला वाटायला नको होतं, ते तू वाटायला लावलंस. माझा भाऊ तसा नव्हता. पण पुड्या दोन कशा, हे मला सांगता येत नाय.

पोरीचं. ती पट्टी लावायच्या आधी तिच्याशी बोल. तिच्याजवळ बस. ही चूक केलीस तर परत भरून येत नाय, मी गावात बघितलंय. मला तर वाटतं, पित्त झालंय. रिकाम्या पोटी क्लासला जाते, मग दुपारी पोट तटतटेस्तोवर खाते. तिला वेळेवर खायला घाल. दोन डबे पाठवतेय, एक लाडवांचा, एक तुपातल्या शंकरपाळ्यांचा. समोर बसवून घाल. पितृपक्षातल्या अष्टमीला मी स्वतः येते, डोळ्यांनी बघते.

फोटो परत लाव. मेलेल्या माणसाला बोलता येत नाय, म्हणून त्याच्यावर काहीही लादायचं का?

आक्का

*

नाशिक, ४ ऑगस्ट

आक्का,

तुमचं ऐकलं नाही. तिच्याजवळ बसले, पण बोलता येईना, आणि ती पट्टी तिच्या हातात दिली. तिने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आई, तुला माझ्याबद्दल हे वाटलं?" मी म्हटलं, कर. तिने केली. काही नाही निघालं. मी हुश्श करून खुर्चीवर बसले, तर ही स्वैपाकघरात गेली, तुमचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून लाडू खाऊ लागली. एक, दोन, पाच. नऊ लाडू, आक्का. पाणी न पिता. तोंडावर चव लागल्याचं चिन्ह नाही. मी म्हटलं, "अगं बास, पोट दुखेल." म्हणाली, "आत्याने पाठवलेत ना. खायलाच हवेत." आणि आत गेली. नळ सुरू झाला.

मी दाराला कान लावून उभी राहिले. आई असून चोरासारखी. मला सगळं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, तिखट बंद करा म्हणाले. तिने मान डोलावली, जशी काही सगळी चूक तिखटाची होती.

तेव्हापासून आमच्यात बोलणं कामापुरतं. ती मला बघते, मी तिला बघते. मी खोलीत गेले की मोबाईल पालथा. फडताळाला कुलूप घालावंसं वाटतं आणि लाजही वाटते. माझ्या आईने पाच जणांत एक भाकरी मोडली, पण कधी कुलूप घातलं नाही.

ती काहीतरी लपवतेय. मूल नाही, मुलगा नाही, मग काय? मला भीती वाटते, आक्का. ती माझ्या डोळ्यांसमोर कुठेतरी चाललीय आणि मी दाराबाहेर उभी आहे.

फोटो लावला नाही अजून.

सुमेधा

*

नाशिक, १७ सप्टेंबर
(हॉस्पिटलमधून)

आक्का,

रविवारी रात्री फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं की अपूर्वाला अ‍ॅडमिट केलंय, धोका नाही, धावत येऊ नका. धोका होता. आज नाही. म्हणून आज लिहिते.

अष्टमीचं पान गच्चीवर ठेवलं, कावळा येईना. तुम्ही म्हणालात, "अपूर्वा, तू बस. तू जेवलीस की तो येईल." ती बसली. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, पुन्हा खीर. तुम्ही वाढत होतात, मी वाढत होते. पोरीने मान वर केली नाही. तिसरी वाटी संपली आणि कावळा आला. तुम्ही हात जोडलेत, डोळ्यांना पदर लावलात, आणि समाधानाने साडेतीनच्या बसला गेलात. पाच वाजता नळ वाहतच होता. हाक मारली, उत्तर नाही. वरच्या मजल्यावरच्या गोविंदकाकांनी दाराची कडी उचकटली. ती फरशीवर पडलेली होती. हातपाय गार.

इथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, उलट्या किती दिवसांपासून? मी म्हटलं, पित्ताचा त्रास आहे. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. अर्ध्या तासाने बोलावून म्हणाल्या, "रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलंय की हृदयाचे ठोके चुकत होते. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नाही. हा पोटाचा आजार नाही. भराभर खायचं आणि काढून टाकायचं, हा मनाचा आजार आहे. त्याला कारण असतं. ते ती सांगेल, पण तुम्ही पोलिसासारखं विचारू नका."

सोमवारी सिंधुबाई आली. कुणी सांगितलं कोण जाणे. काढून टाकलेली बाई पेजेचा डबा घेऊन दारात उभी. मला म्हणाली, "ताई, मला पयल्यापासून माहीत व्हतं. बाथरूम मीच धुवायची ना. पोरीने बापाची शपथ घातली, मग कशी बोलणार? म्हणून जाताना बोलले, पोर सांभाळा." मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने मला धरलं.

आणि काल अपूर्वा बोलली. भिंतीकडे तोंड करून. जसं बोलली तसं लिहिते.

त्या दिवशी तिचा दहावीचा अभ्यास चालला होता. चार वाजता तिने बाबांना फोन केला, "मखमलाबाद नाक्याजवळचा उलटा वडापाव आणा ना. दोन आणा. एक मला, एक आईला. आई आज डबा विसरून गेलीय शाळेत, उपाशी असेल." बाबा म्हणाले, "आईला सांगू नको, परीक्षेच्या तोंडावर तेलकट आणलं म्हणून ओरडेल. मी तिला सांगतो, काम आहे."

आक्का, दोन पुड्या. ज्या पुडीवरून मी दीड वर्ष त्या माणसावर संशय घेतला, ती पुडी माझी होती.

मी फोटो काढला, तेव्हा ती समजली, आईला फोनचं कळलंय. आई मला खुनी समजते, म्हणून बाबांचं नाव घेत नाही. मी तिच्याकडे रोखून बघायचे, ती त्याचा तोच अर्थ लावायची. मला काहीच माहीत नव्हतं हो. मी तर भलतंच शोधत होते.

तुम्हाला दोष देत नाही, असं लिहिणार होते. पण देते. थोडा तुम्हाला, बराचसा मला. त्या पिंडापुढे पोर बसली होती, कावळा शिवत नव्हता, आणि तिला एकटीला वाटत होतं की तिला कारण माहीत आहे. त्यात तुम्ही शब्द दिलात, तिच्या पोटाचा. तिला न विचारता.

तिला मी तुमची पत्रं दाखवली. ती तुम्हाला लिहिणार आहे.

सुमेधा

*

नाशिक, ३० सप्टेंबर

आत्या,

आई म्हणाली, फोन कर. पण फोनवर तू रडशील, मग मी "काही नाही गं" म्हणेन, आणि झालं. म्हणून लिहिते. तू आईला लिहिलेली पत्रं वाचली, आईने तिने काय लिहिलं ते सांगितलं. माझ्यावर अख्खी फाईल तयार केलीत! लाडू मोजलेत! आधी खूप राग आला, मग हसू आलं, मग परत राग.

तू विचारशील, का केलंस असं. सगळ्यांना वाटतं मुली बारीक व्हायला करतात. काही जणी करत असतील. क्लासमधली संजना करते, तिला मी ओळखते, त्यामागे पण तिचं काहीतरी असेलच. मला बारीक व्हायचं नव्हतं. मला भूक नकोशी झाली होती. माझ्या भुकेने बाबांना तिकडे पाठवलं. मी वडापाव मागितला नसता तर ते पाथर्डी फाट्याला घरी आले असते, चपला काढल्या असत्या, टीव्ही लावला असता. एवढं साधं होतं.

दहाव्याला कावळा शिवला नाही, तेव्हा मला वाटलं, बाबा चिडलेत, माझ्या हातचं घेत नाहीत. मग तू ते बोललीस आणि तो आला. मी ठरवलं, ठीक, मी खाईन. कितीही. मग सगळे मला वाढायला लागले. तू, आई, मामा. "खा, बाबांना पोचतं." एकेक घास घेताना वाटायचं, मी बाबांना जेवू घालतेय. आणि पोटात गेलं की वाटायचं, ज्या गोष्टीपायी ते गेले ती मी मजेत पचवतेय. ते आत ठेवता यायचं नाही. काढून टाकलं की थोडा वेळ शांत. मग लाज. लाज आली की कुणी घरात नसताना परत डबा उघडायचा, उभ्या-उभ्या, चव न घेता. कोणाला सांगणार? आई बाबांचा फोटो काढून बसली होती. मला वाटायचं ती वाट बघतेय, मी कधी कबूल होते त्याची.

समुपदेशक बाई आहेत, आठवड्यातून दोनदा जाते. त्या विचारतात, "तुला आत्ता भूक लागलीय का?" मला सांगता येत नाही. खरंच कळत नाही. दीड वर्षात मी एकदाही माझ्यासाठी जेवले नाही. त्या म्हणतात, कळेल हळूहळू, घाई नाही. अजून होतं कधी कधी. या आठवड्यात दोनदा झालं. आईला मी स्वतः सांगितलं. ती घाबरली, पण ओरडली नाही.

आत्या, तुझ्यावर मी चिडलेय. म्हणजे, तू मला आवडतेस, आणि चिडलेय. तू तो शब्द द्यायला नको होतास. आता तो मोडला तर बाबांना काही होईल का? मला माहीत आहे असं काही नसतं. तरी विचारते.

अपूर्वा

*

सटाणा, ८ ऑक्टोबर

अपू,

तुझं पत्र आलं. चार वेळा वाचलं. तुझी आत्या मोठी हुशार, पोरांच्या दंडाचा घेर बघून घरची परिस्थिती सांगणारी! आणि स्वतःच्या भाचीला लाडू भरवत बसली. रागाव माझ्यावर. पाहिजे तेवढी रागाव. मला ते तुझ्या गप्प बसण्यापेक्षा परवडतं.

त्या दिवशी मी तो शब्द का दिला, ते खरं सांगते. कावळा येत नव्हता, चार माणसं बघत होती, आणि मला सहन होत नव्हतं. माझा धाकटा भाऊ. मला त्याला निघू द्यायचं होतं आणि त्याचं काहीतरी इथे ठेवायचंही होतं. तू समोर होतीस, तुझ्यात ठेवून दिला. माझं दुःख होतं ते, अपू. मी ते तुझ्या ताटात वाढलं. चुकलं माझं.

तू विचारलंस, शब्द मोडला तर काय होईल. मोडायचा नाय, दिलेला माघारी घ्यायचा. ज्याने दिला त्यानेच घ्यायचा. म्हणून काल मी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीने नाशिकला आले. तुमच्याकडे आले नाय, रागावू नका, नाहीतर तुझी आई जेवायला बसवती आणि परत तेच रामायण. तडक रामकुंडावर गेले. त्याच पायरीवर. गुरुजी विचारत होते, कुणाचं करायचंय? म्हटलं, काय करायचं नाय, बोलायचंय.

मोठ्याने बोलले, लाज सोडून. "दिनेश, पोरीच्या वतीने मी शब्द दिला होता. तो माझा नव्हता द्यायचा, मी माघारी घेते. ती तुझ्या वाटचं खाणार नाय. तिला भूक लागली तर खाईल, नाही तर नाय म्हणेल. वडापाव मागितला म्हणून तू गेला नाहीस, ट्रकवाल्याने बघितलं नाय म्हणून गेलास. तू बाप होतास, पोरीने मागितलं ते आणायला निघालास, त्यात तिचं काय पाप? असेल तुला काही विचारायचं तर मला विचार. मी आहे सटाण्याला."

तू म्हणशील, मग कावळा आला का? मी बघितलं नाय. बोलून झालं आणि पाठ फिरवली. त्या दिवशी दीड तास त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, तिथेच सगळं बिघडलं. सीबीएसच्या बसस्टँडवर आले, उसाचा रस प्याले, गाडी धरली.

भिकन पुढच्या आठवड्यात येतोय. दिवाळी जवळ आली, गावात घरोघरी तळणाचा वास आहे. माझा हात शिवशिवतोय, पण फराळ पाठवणार नाय. डबा पाठवतेय, रिकामा. आपल्यात रिकामा डबा पाठवू नये म्हणतात, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी मुद्दाम घातली नाय. घासून, पुसून, उन्हात वाळवून पाठवतेय. त्यात काय घालायचं, घालायचं की नाय, ते तुझं तू बघ.

आईला सांग, सिंधुबाईला दिवाळीची साडी माझ्याकडून. रंग तिला विचारून घे.

आत्या

*

नाशिक, १६ ऑक्टोबर

आत्या,

डबा मिळाला. आईने झाकण उघडलं, आत बघितलं, आणि सवयीने साखरेच्या बरणीला हात घातला. मी म्हटलं, "आई, नको." ती थांबली. खरंच थांबली. बरणी परत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

डबा ओट्यावर तसाच आहे. सिंधुमावशी परत कामाला यायला लागलीय, ती रोज त्याच्या भोवतीने ओटा पुसते आणि रोज विचारते, हा फडताळात ठेवू का? मी म्हणते, राहू दे.

बाबांचा फोटो परत लागला. आईने खिळ्याच्या जागी नवीन खिळा मारला, स्वतः, आणि बोटावर हातोडी मारून घेतली. मग बोट चोखत फोटोसमोर उभी राहून बाबांना म्हणाली, "सॉरी हो. आणि माझा वडापाव राहिलाय." आम्ही दोघी हसलो, रडलो, काय काय केलं.

काल संध्याकाळी क्लासवरून आले. जिना चढताना पोटात काहीतरी झालं. आधी वाटलं दुखतंय. मग कळलं. दार उघडल्या-उघडल्या सांगितलं, "आई, मला भूक लागलीय." आई तव्यावर पोळी टाकत होती. किती वाढू विचारलं नाही, कशी काय लागली विचारलं नाही. ताट नुसतं माझ्याकडे सरकवलं. मी माझ्या हाताने दोन पोळ्या घेतल्या आणि गवारीची भाजी. भाजी खारट झाली होती. मी तसं बोलले. दीड वर्षात पहिल्यांदा मला भाजी खारट लागली, आत्या.

जेवण झाल्यावर नेहमीसारखं वाटायला लागलं. मी आईला सांगितलं, "आता मला आत जावंसं वाटतंय." तिने बाथरूमच्या दाराकडे बघितलं. पण ती म्हणाली, "बरं. माझ्याजवळ बस तोपर्यंत." बसले. तिने गवार निवडायला घेतली, दुसऱ्या दिवसाची. मीपण निवडली. अर्धी गवार झाली तरी मी बसलेलीच होते.

अपूर्वा